भर उन्हात फ्लॅशची जोड

दुपारच्या उन्हात फेटा किंवा टोपी घातलेल्या व्यक्तीचे छायाचित्र घेताना कपाळाखालचा भाग काळवंडतो आणि डोळे तर दिसेनासेच होतात. अशा वेळी फ्लॅश जरूर वापरावा, मात्र त्याचे काम सावली पुसण्याचे नसून ती थोडी उजळण्याचे आहे.

प्रथम फ्लॅश बंद ठेवून पार्श्वभूमीचे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, ठरवावे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० असताना लख्ख उन्हात शटर १/२०० सेकंद आणि भिंगाचे छिद्र एफ/११ हे साधारण जुळते. अनेक कॅमेऱ्यांची फ्लॅश-सिंकची मर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वाधिक वेग, १/२०० ते १/२५० सेकंदांच्या आसपास असते. शटर त्याहून वेगवान ठेवल्यास चित्रात काळा पट्टा उमटतो. हाय-स्पीड सिंक या वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवण्याच्या सोयीने ही अडचण टळते, पण फ्लॅशचा जोर बराच घटतो, म्हणून मी तो मार्ग शक्यतो टाळतो.

नंतर अंतर पाहावे. फ्लॅशच्या गाइड नंबरला, म्हणजे त्याचा जोर सांगणाऱ्या आकड्याला, एफ-आकड्याने भागले की मीटरमधील अंतर मिळते: गाइड नंबर ३३ असल्यास ३३ भागिले ११, म्हणजे ३ मीटर. तेथे पूर्ण जोराचा फ्लॅश उन्हाच्या तोडीचा उजेड टाकतो आणि चेहरा सपाट, काहीसा कृत्रिम दिसतो. तोच जोर निम्म्यावर आणल्यास उजेड एक स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे), पावपट केल्यास दोन स्टॉपनी उतरतो. टीटीएल, म्हणजे भिंगातून आलेला उजेड मोजून कॅमेऱ्याने फ्लॅशचा जोर आपोआप ठरवण्याची पद्धत, वापरत असल्यास फ्लॅशची भरपाई (जोर कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ ते उणे २ स्टॉप यांच्या दरम्यान ठेवावी.