घरात डिप्रेशनचा वारसा आणि खाली गलाईची भट्टी असेल तर काय करायचं

आम्ही खानापूर तालुक्यातले. वडिलांनी कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं दुकान टाकलं, आता दादा बघतो. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. दोन वर्षांपूर्वी दादा तापलेल्या मुशीकडे नुसता बघत बसायला लागला. जेवण तुटलं, पहाटे तीनलाच जाग यायची. आत्याला तरुणपणी असंच झालं होतं, तेव्हा घरच्यांनी अंगारे-धुपारे केले. मी नर्स आहे, दादाच्या वेळी आम्ही वेळेत डॉक्टर गाठला. त्यातून शिकले ते आपल्या गलाईवाल्या घरांसाठी लिहितेय.

आधी मानसोपचार सुरू करा. भट्टीच्या धुरा-धुळीतून अंगात जाणाऱ्या शिशासारख्या धातूची तपासणी त्याच्या बरोबरीनं करायची, त्याच्याऐवजी नाही. जगणं नको झालंय असं कुणी बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तिथे मराठीतून बोलता येतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगा. रक्ताच्या नात्यात हा आजार कुणाला होता, आणि तुम्ही नेमकं काय काम करता. 'सोन्या-चांदीचं' एवढ्यानं भागत नाही. चांदी शुद्ध करताना शिसं घालतो, केडीएमनं डाग देतो, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडतो, असं सांगा. केडीएम म्हणजे कॅडमियम हा विषारी धातू घातलेला डाग. बिडी-सिगारेटच्या धुरातही कॅडमियम असतं, म्हणजे भट्टीवर बिडी ओढणाऱ्याला दुहेरी.

वारसा आणि धातू यांचा हिशेब मला असा कळलाय. डिप्रेशनमध्ये वारशाचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांवरून सुमारे ३७ टक्के धरतात. तो एका जनुकाचा नसतो. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकांमधल्या १०२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम इवलासा. त्यामुळे जनुकांच्या महागड्या तपासणीत पैसे घालू नका, आत्याचा इतिहास डॉक्टरांना पुरतो. शिसं मात्र शरीराला कॅल्शियमसारखं भासतं आणि चेतापेशींच्या निरोपांत लुडबुड करतं. अमेरिकेत १९९९ ते २००४ मध्ये २० ते ३९ वयाच्या लोकांची पाहणी झाली. रक्तात सर्वांत जास्त शिसं असलेल्या गटात डिप्रेशनची शक्यता सर्वांत कमी शिसं असलेल्यांच्या २.३ पट निघाली. हा संबंध आहे, शिशामुळेच डिप्रेशन होतं याचा पुरावा नव्हे. पण तो 'जास्त' गट सुरू होतो एका डेसिलिटर रक्तात २ मायक्रोग्रॅमच्या जरा वर, आणि दादाचं पहिलं शिसं आलं १९.

तपासणी 'ब्लड लेड' नावानं होते. रक्त शिरेतूनच द्या, त्याआधी हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, नाहीतर कातडीवरची धूळ नमुन्यात उतरते. ५ किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातला आकडा अलीकडचा असतो. हाडांत शिसं वर्षानुवर्षं दबून राहतं आणि गरोदरपणात परत रक्तात येतं. म्हणून घरातल्या बायकांची आणि मुलांचीही तपासणी करा.

सगळ्यांत जास्त काम धुळीचं. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ओलं फडकं फिरवलं तर ते पिवळसर राखाडी निघालं, आणि त्याच पायरीवर पुतणी बसून बिस्किटं खायची. आता दादा कामाचे कपडे-चपला खालीच काढतो, आंघोळ करूनच वर येतो. ते कपडे वेगळ्या बादलीत धुतले जातात. झाडू बंद, ओलं पुसणंच. दुकानात चहा-जेवण बंद. धुराला नाकावरचा रुमाल अडवत नाही. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि धातूच्या धुरासाठीचाच मास्क लागतो.

जेवणात कॅल्शियम आणि लोह कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं. नाचणी, दूध, पालेभाज्या रोज ठेवा. पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना शिसं न मिसळलेलं शुद्ध कथीलच मागा. 'शरीरातलं विष काढणारी' औषधं स्वतःच्या मनानं घेऊ नका. शिसं बाहेर काढायचे उपचार डॉक्टर आकडा बघून ठरवतात.

दादाच्या गोळ्या चालू आहेत, शिसं ११ वर आलंय. त्याला बरं वाटतंय त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि फडक्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. पुतणीचं ६ आलं होतं. तीन महिन्यांनी तिची तपासणी पुन्हा करायची आहे.