करवंदं विकून हातात नेमके किती उरतात? हिशोब असा मांडा

करवंदाला खर्च काय, जाळी डोंगराची, असं म्हणणाऱ्याने मे महिन्यात एकदा दोन तास त्या काट्यात हात घालून बघावा. सगळ्यात मोठा खर्च तोच, तुमचा वेळ, आणि वहीत तोच कुणी लिहीत नाही.

तर समजा पहाटे पाचला निघालात, नऊपर्यंत तोडणी, मग चार तास घाटात रस्त्याकडेला 'डोंगरची काळी मैना' ओरडत बसलात. 40 द्रोण भरले, 20 रुपयांनी 36 गेले, म्हणजे 720. भाडं 80 गेलं, राहिले 640, भागिले 8 तास, तासाला 80 रुपये. आता हे गावातल्या मजुरीच्या हजेरीशी ताडून बघा, मग कळेल परवडतं का ते. पोरांनी घरी खाल्लेली पण वेगळी लिहून ठेवा, तीही कमाईच आहे.

पिकलेली खोल टोपलीत भरू नका, खालची पिचतात आणि मग चिकट लगदा कोण घेणार, पसरट हाराच बरा. माझं विचाराल तर थोडी कच्चीच तोडा, मार्च-एप्रिलात लोणच्याला गिऱ्हाईक असतं आणि त्याच दिवशी खपायची घाई नाही. कच्च्यात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जॅम पण छान धरतो.

अळंबीचं गणित निराळं. वारुळावर येते ती वाळवीच्या जिवावर वाढते, शेडमध्ये बटन मशरूमसारखी पिकवता येत नाही, म्हणून पावसाळ्यातले थोडेच दिवस मिळते आणि गोव्यात तर नगावर भाव लावतात. वारूळ फोडायचं नाही हां, पुढच्या वर्षी तिथेच यायचंय. आणि घरातलं जाणतं माणूस ज्या अळंबीला नाव घेऊन ओळखत नाही ती विकायची नाही आणि खायची पण नाही, विषारी असली की चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे सगळं खोटं आहे.

कुणी अडवलं तर 2006 चा वनहक्क कायदा माहीत असू द्या. आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातली फळं, पानं वगैरे, गोळा करायचा, विकायचा हक्क त्यात आहे, पण वीकेंडला गाडी घेऊन पिशव्या भरायला येणाऱ्यांसाठी तो नाही. या हक्काचा दावा ग्रामसभेतूनच जातो, तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आधी तिथे विषय काढा, मे उजाडला की सगळे जाळीतच असतात.