हेड गॅस्केटचा खर्च: बिल फुगवणाऱ्या या चुका टाळा

लहान गाडीचे हेड गॅस्केट गेले की गॅरेजमध्ये सांगितलेला आकडा ऐकून मालकाला धक्का बसतो, आणि नुसत्या गॅस्केटची किंमत कळल्यावर त्या धक्क्याची जागा संशय घेतो, कारण पातळ पत्र्याच्या थरांचा तो तुकडा एकूण बिलाचा अगदी किरकोळ हिस्सा असतो. संशय बहुधा अनाठायी असतो. हे गॅस्केट इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामध्ये, ज्वलनाचे वायू, ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, दाबून बसवलेले असते, त्यामुळे तिथवर हात पोहोचण्यासाठी मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड), टायमिंग बेल्ट किंवा चेन, होज पाइप आणि वायरिंग उतरवावे लागते आणि ते सारे पुन्हा तितक्याच काळजीने बसवावे लागते. पैसे जातात ते मुख्यतः या मजुरीत आणि हेडच्या मशीन कामात. मजुरी टळत नाही; बाकीचे बिल किती वाढेल, हे मात्र बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असते.

सर्वांत महाग चूक गॅरेजमध्ये नव्हे, रस्त्यावर होते. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असताना ‘एवढे दोन किलोमीटर काढू’ म्हणून गाडी पुढे रेटली जाते. पुष्कळ इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, आणि हेड बोल्टांनी जखडलेले असल्यामुळे मर्यादेबाहेर तापल्यावर ते वाकते, कधी व्हॉल्व्हच्या बैठकांजवळ त्याला तडाही जातो. जे काम केवळ गॅस्केट बदलून भागले असते, ते मग नव्या हेडपर्यंत जाते. काटा आपोआप खाली आला म्हणून निर्धास्त होणे तर त्याहून धोक्याचे, कारण कूलंट इतके कमी झालेले असू शकते की सेन्सर द्रवात न राहता वाफेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा ‘थंड’ दाखवतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, आणि गाडी ओढून न्यावी. टोइंगचा खर्च नव्या हेडच्या तुलनेत नगण्य असतो.

दुसरी चूक निदानाची. गाडी तापते म्हणजे हेड गॅस्केटच गेले, असे गृहीत धरून इंजिन उघडायला परवानगी देऊ नये. अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप), बंद पडलेला पंखा, गळका वॉटर पंप किंवा दाब न धरणारे रेडिएटरचे झाकण यांमुळेही गाडी तापते, आणि ही सर्व कामे तुलनेने स्वस्त आहेत. (झाकणाकडे कोणाचेच लक्ष जात नाही, त्याने धरलेल्या दाबामुळे कूलंटचा उत्कलनबिंदू वाढतो, हे अनेकांना ठाऊक नसते.) ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तरी घाई नको, कारण थंड हवेत केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आतील बाष्प साचूनही तो धरतो, डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधाळ असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट घटत राहणे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, आणि थंड इंजिन सुरू करताच काही क्षणांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे या खुणा अधिक बोलक्या असतात. तरीही पुराव्यासाठी चाचणी मागावी. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजण्याच्या चाचणीत) शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाब दाखवत असतील, तर त्या दोहोंमधले गॅस्केट फुटल्याची शक्यता दाट असते. रेडिएटरच्या तोंडाशी लावलेल्या नळीतील निळा रासायनिक द्रव ज्वलनाच्या वायूंनी पिवळा पडला, तर ते वायू कूलंटमध्ये शिरत आहेत हे उघडच होते.

बाटलीतून ओतायचे ‘सीलर’ हा उपाय मी सुचवणार नाही. क्वचित काही दिवस निभावते, पण तेच द्रव्य रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांत साचले, की गॅस्केटच्या बिलात त्यांचीही भर पडते.

अंदाजपत्रकांची तुलना करताना केवळ अंतिम आकडा पाहू नये. हेड तपासण्याचे काम त्यात धरले आहे का, हे विचारावे. उतरवलेले हेड स्वच्छ पुसून त्यावर अचूक सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवतात आणि पट्टीखाली फीलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाचे) पाते सरकते का ते पाहतात. अनेक लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची पोकळीदेखील मर्यादेबाहेर मानली जाते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. पोकळी मर्यादेपेक्षा जास्त निघाली, तर हेड मशीनवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यावे लागते, आणि तडा असल्याची शंका असेल तर प्रेशर टेस्टही. हे काम गाळून दिलेला स्वस्त दर मालकाला दुप्पट महाग पडतो, कारण वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट पुन्हा जाते आणि सगळी मजुरी नव्याने भरावी लागते. जुने गॅस्केट फिरत्या खरखरीत डिस्कने घासून काढणेही मला मान्य नाही: घासताना सुटलेले कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातात आणि गॅस्केट बसते त्या पृष्ठभागावर खड्डे पडतात.

हेड बोल्टांवर काटकसर करण्याचा मोह होतो. आधुनिक इंजिनांत बरेचदा असे बोल्ट असतात, जे घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात आणि म्हणून एकदाच वापरायचे असतात. ते टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने, साधारणपणे मधून बाहेरच्या दिशेने आवळावे लागतात. बोल्टांच्या छिद्रांत ऑइल किंवा कूलंट राहिले, तर दाबाने ब्लॉकच फुटू शकतो. मात्र खर्च वाढवण्याचीही एक योग्य जागा आहे: टायमिंग बेल्टची मुदत जवळ आली असेल, तर तो आणि त्याच वाटेवर असलेला वॉटर पंप आत्ताच बदलावा, कारण मजुरीचा मोठा भाग आधीच दिला जात असतो. गाडी फारच जुनी असेल, तर तपासलेले जुने इंजिन बसवण्याच्या खर्चाशीही तुलना करून पाहावी.

काम झाल्यावरच्या चुका लहान दिसतात. ऑइलमध्ये कूलंट मिसळले असेल, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलणे आवश्यक आहे, अन्यथा बेअरिंग खराब होतात. शीतकरण यंत्रणेतील हवा पूर्ण काढली नाही, तर एखादा बुडबुडा हेडमध्ये अडकतो आणि नव्या गॅस्केटवरही तीच वेळ येते. साध्या नळाच्या पाण्याऐवजी उत्पादकाने सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणातच भरावे. आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मेकॅनिकला एवढे विचारावेच, की मुळात ती तापली कशामुळे. त्याचे उत्तर ‘गॅस्केट गेले होते म्हणून’ असे आले, तर थर्मोस्टॅट, पंखा आणि रेडिएटर आपल्यासमोर तपासून घ्यावेत.