लहान लेकरांना घेऊन सिद्धार्थ उद्यानात जायचंय? मग दिवस असा ठरवा

आपल्याकडे जालना, बीडकडून संभाजीनगरला लेकरांना फिरायला न्यायचं म्हटलं की लोक एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की आणि वर सिद्धार्थ उद्यान, सगळं उरकायला बघतात. लेकरं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर असं अजिबात करू नका. एकच जागा धरा आणि ती उद्यानाचीच धरा, तिथे प्राणीसंग्रहालय पण आहे आणि लेकरांना मोकळं पळायला जागा पण, दिवस आरामात जातो.

एसटीनं जाणाऱ्यांना तर हे फारच सोयीचं, कारण उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच आहे, रिक्षाची घासाघीस नाही. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला एसटीचं तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, बायकांना 2023 पासून अर्धं, आणि 75 च्या पुढच्या आजी-आजोबांना फुकट (आधार कार्ड विसरू नका). त्यामुळे आजीला घेऊनच जा, तिचा उपयोग पुढे सांगते. आठवड्यातून एक दिवस उद्यान बंद असतं, तो वार निघायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर गेटवर लेकरू जे भोकाड पसरतं ते आवरत नाही.

दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. एप्रिल-मेमधे आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारभर लेकरांना बाहेर ठेवणं बरं नाही.

सकाळी गेट उघडलं की आधी वाघ बघा, खेळणी नंतर. वाघ सकाळी आणि संध्याकाळी हिंडतो, दुपारी सावलीत पडून राहतो, मग लेकरू विचारत बसतं की हा उठत का नाही. इथे पिवळे पट्टेरी वाघ पण आहेत आणि पांढरे पण, दोन्ही दाखवा. नीट दिसावं म्हणून बरेच जण लेकराला कठड्यावर उभं करतात, कृपा करून ते करू नका, खांद्यावर घ्या आणि कठड्यापासून एक पाऊल मागे थांबा. माकडांना, हरणांना काही खायला टाकू नका, लेकरं आपलं बघूनच शिकतात. आणि लेकरू वाघ सोडून खारुताईकडे बघत बसलं तर बसू द्या की, ओढत नेऊ नका.

मग एखादं दाट सावलीचं झाड बघून सतरंजी टाका, आजीला तिथे बसवा, पिशव्या तिच्याजवळ, हाच आपला मुक्काम. सगळ्यांना सांगून ठेवा की चुकलात तर इथेच यायचं. अगदी बारक्यांना मात्र वेगळं शिकवा: आई दिसली नाही की आहे तिथेच थांबायचं, नाहीतर लेकरं सोबत असलेल्या एखाद्या काकूला सांगायचं. फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, हातावर लिहिलेला घामानं पुसतो. आणि सकाळीच लेकराचा एक फोटो काढून ठेवा, कपड्यांचा रंग ऐनवेळी आठवत नाही.

जेवणाला धपाटे, दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. दही मात्र उन्हात आंबतं, सकाळी गोडसर लावलेलंच न्या. पाणी घरून भरपूर, ओआरएसची दोन पाकिटं, ओला नॅपकिन, आणि प्रत्येक लेकराचा कपड्यांचा एक जोड जास्तीचा, कारण लेकरं मातीत लोळणार म्हणजे लोळणारच.

जेवण झालं की आजीजवळ थोडं झोपू द्या. झोप झालेलं लेकरू घसरगुंडीवर तासभर खेळतं, न झोपलेलं दहा मिनिटांत किरकिर करतं. तोवर मोठ्यांनी आळीपाळीनं एक फेरी मारून यावी.

रविवार असेल तर चारलाच निघा, संध्याकाळी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. निघायच्या आधी सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा आणि दोन दशम्या वरच्या पिशवीतच ठेवा, गाडी हलली की लेकरांना भूक लागतेच.