क्लायंट चप्पल घालता घालता जे बोलतो ते: लैंगिक तक्रारींबाबत आपण थेरपिस्ट करतो त्या चुका टाळा

सेशन संपलं, माणूस उठला, दारापाशी गेला आणि एक पाय चप्पलेत घालून म्हणाला, "मॅडम, अजून एक सांगायचं होतं, पण जाऊ द्या ओ, पुढच्या टायमाला बघू." पुढच्या टायमाला तो आलाच नाही. सोलापुरात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पहिली दोनेक वर्षं हे माझ्यासोबत इतक्यांदा झालं की लाज वाटावी. झोप नाही, डोकं दुखतं, सारखी चिडचिड होते या नावाखाली आठ आठ सेशन चालायची आणि खरं दुखणं बाहेर यायचं चप्पल स्टँडपाशी, तेही अर्धंच. मला वाटायचं आपल्याकडचे लोक लाजतात, मोकळं बोलत नाहीत. खरं तर विचारायला मीच लाजत होते आणि समोरच्याला ते बरोबर कळत होतं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, न विचारणं. "त्यांना वाटलं तर ते सांगतीलच की" असं आपण म्हणतो, पण ते नाही सांगत. इनटेकमध्ये, म्हणजे पहिल्या भेटीच्या चौकशीत, आपण झोप विचारतो, भूक विचारतो, दारू-तंबाखू विचारतो आणि संबंधांवर आलो की पान उलटतो, मग समोरचा समजून जातो की या बाईंसमोर हा विषय चालत नाही. मी आता झोप-भूकेच्या रांगेतच विचारते, त्याच आवाजात, पेन खाली न ठेवता: "बऱ्याच लोकांना टेन्शनमध्ये शारीरिक संबंधातही फरक जाणवतो, तुमचं कसं आहे?" बस. नाही म्हणाले तर पुढे, पण दार उघडं राहतं, आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला तोच माणूस स्वतःहून म्हणतो की मॅडम तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना. सेशन संपायच्या दहा मिनिटं आधी "अजून काही राहिलंय का, जे बोलायला अवघड वाटतंय?" हेही विचारा, म्हणजे ते चप्पलेपर्यंत जात नाही.

जॅक अॅनन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये यासाठी एक पायऱ्यांचं मॉडेल मांडलं, प्लिसिट म्हणतात त्याला. आधी बोलायची मुभा, मग नेमकी तेवढीच माहिती, मग ठरावीक सूचना, आणि शेवटी गरज असेल तर सखोल थेरपी. मुद्दा असा की पुष्कळ लोकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होतं. त्यामुळे "मी काय सेक्स थेरपिस्ट नाही" हे कारण पुरत नाही. मुभा द्यायला आणि दोन बरोबर गोष्टी सांगायला वेगळी डिग्री लागत नाही, चौथ्या पायरीला मात्र लागते, तिथे शहाणपणा न करता पाठवून द्यायचं.

शब्द ऐकला आणि अर्थ आपणच लावला

"लवकर होतं" म्हणजे किती लवकर? हे मी विचारलंच नव्हतं एकदा, डायरेक्ट शीघ्रपतन लिहून मोकळी. तीन सेशननंतर कळलं की पठ्ठ्या सात-आठ मिनिटं म्हणतोय आणि मोबाईलवर बघून त्याची समजूत अशी की अर्धा तास तरी पाहिजेच. 2005 मध्ये पाच देशांतल्या 500 जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून संभोगाची वेळ मोजलेला एक अभ्यास छापून आला होता, त्यात मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, निघाला 5.4 मिनिटं. हा आकडा सांगितल्यावर माझ्यासमोर जी माणसं सुस्कारा टाकतात ना, त्यावरून कळतं किती ओझं घेऊन फिरत होते ते. "कमजोरी" म्हणजे ताठरता येत नाही, की येते पण टिकत नाही, की इच्छाच नाही, की हस्तमैथुनाची भीती बसलीय, हे चारही वेगळं. बायका तर बहुतेकदा "आमचं मालकांशी पटत नाही" एवढंच म्हणतात आणि त्या पटण्यात सगळं येतं, दुखणं येतं, नको असताना हो म्हणणं येतं, नवऱ्याने वर्षभर हात न लावणं पण येतं. विचारा. "पटत नाही म्हणजे भांडणं, की जवळ येण्यात पण त्रास?" एवढं विचारलं तरी पुष्कळ उघडतं.

"धात जाते" यावर लेक्चर देणं

लघवीतून धात जाते, त्याने अंगातली ताकद चालली, ही तक्रार घेऊन येणारा पोरगा आधी भिंतीवरच्या जाहिराती वाचून कुठेतरी पुड्या खाऊन आलेला असतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये याला धात सिंड्रोम हे नाव दिलं. आपण काय करतो, पहिल्याच भेटीत "असं काही नसतं, वीर्य गेल्याने काही होत नाही, हे सगळे गैरसमज" असं धडाधड सांगतो. बरोबर आहे ओ ते, पण त्याच्या कानाला ऐकू येतं की तू येडा आहेस. आधी विचारा थकवा कधीपासून, झोप कशी, मन कशात लागतं का, पुड्यांवर किती पैसे गेले. बऱ्याचदा खाली उदासी किंवा चिंता असते आणि धात हे तिला मिळालेलं नाव असतं. ते ऐकून घेतलं की मग शरीराचं गणित सांगा, तेव्हा ते उतरतं. बायकांमध्ये असंच "अंगावर पांढरं जातंय" येतं, त्यात वास, खाज, रंग बदलला असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, उगीच मनावर घालू नका.

र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक विषयांवर मराठीत स्पष्ट लिहीत होते, खटले अंगावर घेऊन. म्हणजे मराठीत बोलता येत नाही ही पळवाट पण आपल्याला नाही.

शरीर तपासायचं राहून जातं

ताठरतेची तक्रार आली की लगेच बालपण, आईशी नातं वगैरे खोदायला घेऊ नका. शुगर, बीपी, तंबाखू, थायरॉइड, चालू गोळ्या आधी. रक्तवाहिन्यांचा त्रास कधी कधी हृदयाआधी इथे दिसतो, म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला फिजिशियनकडे पाठवणं म्हणजे जबाबदारी ढकलणं नव्हे. पहाटे आपोआप ताठरता येते का हे विचारा, येत असेल तर मनाचा वाटा जास्त असण्याची शक्यता असते, पक्का निकाल नाही पण दिशा मिळते. आणि डिप्रेशनच्या ज्या गोळ्या सर्रास चालतात, एसएसआरआय, त्यांनी इच्छा कमी होणं किंवा उशिरा होणं हा नेहमीचा त्रास आहे. पेशंट आपल्याला न सांगता गोळ्या सोडतो ते पुष्कळदा याच कारणाने. आपण "सोडा" म्हणायचं नाही, "लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते" म्हणायचं, आणि डॉक्टरांशी बोलायचा धीर नसेल तर चिठ्ठी लिहून द्यायची. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सिल्डेनाफिलबद्दल, म्हणजे ताठरतेच्या गोळीबद्दल, पण विचारा, छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेट गोळ्यांसोबत ती घेतली तर बीपी धोकादायक खाली जातं.

घर न बघता होमवर्क देणं

ही माझी स्वतःची चूक, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलते. सोलापूरच्या पूर्व भागातलं जोडपं, तो पॉवरलूमवर रात्रपाळीला, ती घरी बिड्या वळणार आणि दुपारी कारखान्यात द्यायला जाणार. दोघं एकमेकांना भेटतात ते सकाळी सात ते नऊ, त्यात नळाचं पाणी, पोरांचा डबा. मी मात्र ट्रेनिंगमधून नवीन शिकून आलेली, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीचं सेन्सेट फोकस समजावून सांगितलं. म्हणजे काही आठवडे संभोग बंद, फक्त निवांत स्पर्श, आधी छाती आणि गुप्तांग सोडून, परफॉर्मन्सचं टेन्शन जावं म्हणून. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, मंद उजेडात. छान कागदावर लिहून दिलं. दोघांनी मान डोलावली. दोन आठवड्यांनी आले, काहीच केलं नाही. मी मनात "रेझिस्टन्स", म्हणजे यांनाच बदलायचं नाही, असं लिहून टाकलं. मग ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, आमच्या दाराला कडी नाही ओ. पडदा आहे. पलीकडं सासू-सासरे झोपतेत, पोरं आमच्याच पांघरुणात."

तेव्हापासून मी आधी घर विचारते. किती खोल्या, कोण कुठे झोपतं, दाराला कडी आहे का, दोघं एकटे कधी असतात. या जोडप्याचा पहिला होमवर्क झाला कडी बसवणं, आणि सासूला कारण सांगितलं की मांजर येऊन दूध पितंय. वेळ सापडली गुरुवारची, सासू-सासरे मठात जायचे तो दीड तास. तीनदाचं एकदा झालं, अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, पण झालं.

आणि एक, स्पर्शाचा व्यायाम द्यायच्या आधी दोघांना वेगवेगळं भेटा. तिला नको म्हणता येतं का? मारहाण आहे का? जबरदस्ती असेल तर तिथे व्यायाम देणं म्हणजे त्याच्या हातात आपल्या सहीचा कागद देणं, तिथे आधी तिची सुरक्षितता. संबंधाच्या वेळी दुखतंय, आत जाऊच देत नाही शरीर, अशा मुलीला "थोडं सहन कर, सवय होईल" हे थेरपिस्टच्या तोंडून गेलेलं मी ऐकलंय. सहन करून योनीचे स्नायू अजून आवळतात. लग्नाला तीन वर्षं झाली तरी संबंधच झाला नाही आणि घरचे गोड बातमी कधी म्हणून मागे लागलेत, अशी जोडपी सरळ वंध्यत्वाच्या दवाखान्यात जाऊन बसतात, कारण मधलं कोणी विचारलेलंच नसतं.

जाऊबाई दुभाषी

हे सोलापूरवाल्यांनाच कळेल. क्लायंटला तेलुगू किंवा कन्नड सोपं जातं, मराठी तोडकं, मग सोबत आलेल्या जाऊबाईला आपण म्हणतो "जरा विचारा हो त्यांना." संपलं. जाऊबाईसमोर ती कधीच सांगणार नाही आणि सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल. ती भाषा येणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवा, नाहीतर मोडक्या मराठीत दोघी मिळून अडखळा, ते परवडलं. चार-पाच शब्द तरी त्यांच्या भाषेतले शिकून ठेवा, पण कोणाकडून शिकलात तो शब्द शिवी तर नाही ना हे खात्री करून, माझी एकदा फजिती झालीय.

गुप्ततेचं पहिल्या दिवशीच नीट सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण "काहीही सांगा, कुठेच जाणार नाही" असं छातीठोक म्हणू नका, कारण 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. आधी शब्द देऊन मग मोडलात तर त्या मुलाचा पुढच्या कुठल्याच मोठ्या माणसावर विश्वास बसत नाही. जोडप्याच्या केसमध्ये एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला कळणार की नाही हे पण आधीच ठरवा, नाहीतर नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण पोटात घेऊन तुम्ही बायकोसमोर बसलेले असाल.

मुलगा आहे म्हणजे मुलगीच आवडणार असं धरून प्रश्न विचारू नका, "जोडीदार" म्हटलं की काम भागतं. आणि आईवडील "याला बरं करा, लग्न ठरवायचंय" म्हणून घेऊन आले तर हे बरं करायचं दुखणंच नाही हे सांगायला कचरू नका. 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 बाबत निकाल देऊन प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवलं, 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे लैंगिक कल बदलायच्या "उपचारांना", डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं. आपण डॉक्टर नसू, तरी नियम आपल्याला पण तोच लावून घ्यायचा.

आपलं काय होतं ते पण बघा. गरजेपेक्षा जास्त तपशील विचारतोय का, ऐकताना अंग आखडतंय का, हसू येतंय का, मनातल्या मनात निकाल देतोय का. येतं ते सगळं, माणूस आहोत, पण ते सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या अनुभवी वरिष्ठांसमोर, न्या, क्लायंटच्या खुर्चीत ठेवू नका. मी आणि माझी एक मैत्रीण, ती पण काउन्सेलर, आम्ही दुपारी चहाला बसून शब्द मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस केली होती. शिश्न, योनी, वीर्य, हस्तमैथुन, सरळ वाक्यात, न अडखळता. पहिल्या दिवशी चहा गार होईपर्यंत नुसत्या हसत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चहावाला पोरगा कप न्यायला आत आला तरी आमचं वाक्य थांबलं नाही, थांबला तो.