कोकणात राहायला आलात? जुनी गाडी आधी खालून बघा

बदली म्हणा, निवृत्ती म्हणा, नाहीतर होमस्टे काढायची हौस म्हणा, घाटावरून इकडे राहायला येणाऱ्यांचे फोन मला येतच असतात. मी मूळचा सोलापूरकडचा. नोकरीसाठी दापोलीत आलो आणि इथलाच होऊन गेलो. घर, पाणी, मुलांची शाळा झाली की गाडी ठरलेलीच: "नवीन नाही परवडत, सेकंडहॅन्डमध्ये कोणती बघू?" कोणती ते नंतर ठरवू. आजवर ती उभी कुठे होती, ते आधी विचारा.

आपल्याकडे जुनी गाडी बघायची म्हणजे बॉनेट उघडायचं, इंजिनचा आवाज ऐकायचा, किलोमीटर वाचायचे. इथे हे सगळं नंतर. इंजिनचं काम पैसे टाकले की निघतं. पत्रा सडला की पैसे टाकूनही काही हाती लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने न सुकणारी ओल आणि बारा महिने खारा वारा. गंज आतून बाहेर येतो. दरवाजाची खालची कड, चाकांवरच्या कमानी, रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालची पत्र्याची पट्टी, जॅक लावायच्या जागा, ब्रेकच्या नळ्या ही त्याची आवडती ठिकाणं.

बँकेत नव्याने आलेल्या एका मुलाला अशीच एक हॅचबॅक पसंत पडली होती. वरून चकाचक, आत नवी सीट कव्हरं. आमच्या मिस्त्रींनी ती रॅम्पवर घेतली तर खाली सगळीकडे ताजं काळं कोटिंग. ते काही बोलले नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड ठोकत पुढून मागे गेले. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ थप्प. तिथे टोक टेकवलं तर ते सरळ आत गेलं आणि बाहेर येताना तपकिरी पापुद्रे घेऊन आलं. "साहेब, ही नुसत्या रंगावर उभी हाय." व्यवहार तिथेच संपला. विकायच्या तोंडावर मारलेलं काळं कोटिंग म्हणजे काहीतरी झाकलंय असंच समजून चाला. रॅम्पवर गाडी चढवायला मालक नाही म्हणत असेल, तर चहा घ्या आणि निघा. खिशात एक लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून, म्हणजे ओरखडा पडायला नको. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली असते.

आता 'कुठे उभी होती' याचा अर्थ. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव वाळूवर होतो. तिथे रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांना वरून बर्फाचं खारं पाणी आणि खालून ओली वाळू. मासळीच्या धंद्यातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वास घालवता येईल, मीठ नाही. दुसरा प्रकार पर्यटकांना फिरवलेल्या गाड्यांचा. मुरुड, कर्दे, गुहागरच्या किनाऱ्यावर लोक हौसेने गाडी लाटांत घालतात. मालकाचं फेसबुक जरूर चाळा. "गाडी कधी समुद्राकडे नेली नाही" म्हणणाऱ्याचाच लाटा उडवतानाचा व्हिडिओ तिथे सापडतो. सिंधुदुर्गात राहणाऱ्यांना गोव्याच्या गाड्यांचा मोह पडतो. तिकडे पर्यटकांना भाड्याने देतात त्या काळ्या पाटीच्या गाड्या किती हातांतून गेल्या असतील, याचा हिशोब करा. पाटी बदलली आहे का हे कळायला आरसीवरची नोंद आणि पाटीच्या स्क्रूभोवतीच्या खुणा दोन्ही बघा.

पुराचं तर वेगळंच प्रकरण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवलं, तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या, आणि त्या चिपळुणातच विकल्या जातील असं काही नाही. त्यामुळे २०२१ च्या आधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. चिखलाची रेघ बहुतेक वेळा तिथेच राहून जाते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, हेडलाइटच्या आतली धूसर कड हेही पाहा. गालिच्याखाली थोडी लाल धूळ इथे सगळ्याच गाड्यांत असते, तिला घाबरू नका. चिकट, थर बसलेला गाळ वेगळा दिसतो.

माझं मत विचाराल तर गाडी घाटावरचीच घ्यावी. साताऱ्याची एमएच-११, सोलापूरची एमएच-१३, पुण्याची एमएच-१२. पाच-सात वर्षं कोरड्या हवेत काढलेला पत्रा वेगळाच असतो. राज्यातल्या राज्यात नंबरही तोच राहतो. इथल्या मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, गावातली गाडी घ्या, तिची कुंडली बाजारपेठेतल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला पाठ असते. खोटं नाही. पण कुंडली चांगली असली म्हणून गंज थांबत नाही. मुंबईच्या चाकरमान्याची, वर्षातून गणपती-शिमग्यालाच गावी येणारी गाडीही चांगली, फक्त ती मुंबईत कुठे उभी असायची ते विचारून घ्या.

क्लच इथे लवकर जातो. कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली, कुठूनही या, घाट आहेच. आणि घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा चढही घाटाचाच भाऊ. सपाट रस्त्यावरच्या टेस्ट ड्राइव्हला अर्थ नाही. गाडीत चार माणसं बसवा, चढावर मध्येच थांबवा, हॅन्डब्रेकवर उभी करा आणि तिथून उचला. आरपीएम वाढतो पण गाडी हलत नाही, किंवा जळका वास येतो, तर क्लच प्लेटचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क बघायला सांगा. आणि गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच असलं पाहिजे. आधीच तापवून ठेवलेली गाडी सकाळी कशी सुरू होते ते कळत नाही.

मॉडेलबद्दल थोडक्यात. वाडीचे रस्ते अरुंद, समोरून एसटी आली की रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो, म्हणून छोटी पण जमिनीपासून उंच गाडी बरी. शेवरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. त्या गाड्या स्वस्तात दिसतात, चांगल्याही असतात, पण पार्टसाठी कोल्हापूर-पुण्याकडे डोळे लावून बसायची तयारी हवी. रोज पाच किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन परत यायचं असेल तर २०२० नंतरची, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली (बीएस-६) डिझेल घेऊ नका. तिच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात पळावी लागते, आणि तसं पळायला आपल्या गल्ल्यांत जागा कुठे? सीएनजी असेल तर टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाल्याचा कागद मागा आणि टाकीवरचा गंज स्वतः बघा.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण इसार देण्याआधीच उरका. परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकला की कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी दिसतं. थकलेली ई-चलनंही तिथेच बघता येतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो आकडा आरटीओत विचारून मगच स्वस्त-महाग ठरवा.

गाडी घरी आली की पहिल्या पावसाआधी खालून अँटीरस्ट कोटिंग करून घ्या, तेही गाडी धुऊन पूर्ण सुकल्यावर. ओल्यावर मारलं तर ओल आतच कोंडते. दाराच्या खालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर अजिबात घालू नका, पत्र्याच्या शेडखाली उघडीच ठेवा. आणि ती शेड भाताच्या कणगीपासून जरा लांब बांधा. उंदरांना वायरी फार आवडतात.