फ्रीलान्स बायोइन्फर्मॅटिक्स: संशोधकांचं काम घेताना या चुका टाळा

‘आरएनए-सेकचा डेटा आलाय, अ‍ॅनालिसिस करून द्याल का? किती दिवस लागतील?’ (आरएनए-सेक म्हणजे पेशींतलं कोणतं जनुक किती सक्रिय आहे, हे आरएनए वाचून मोजण्याची पद्धत.) प्रयोगशाळांकडून येणारी पहिली विचारणा बहुतेक वेळा एवढीच असते, आणि नवा सल्लागार तिथल्या तिथे दिवस नि पैसे सांगून मोकळा होतो. सॅम्पलशीट (कोणता नमुना कोणत्या गटातला, याचा तक्ता) पाहिल्याशिवाय यातलं काहीही सांगू नका. या धंद्यातले बरेचसे वाद कोडमुळे नाही, सुरुवातीला न विचारलेल्या प्रश्नांमुळे होतात.

सॅम्पलशीट आधी, फास्टक्यू फाइल्स (सीक्वेन्सिंग यंत्राचा कच्चा डेटा) नंतर

गट, लिंग, आरएनए काढल्याची तारीख, लायब्ररी (आरएनएपासून सीक्वेन्सिंगसाठी बनवलेला नमुना) केल्याची तारीख हे रकाने मागून घ्या. समजा, कंट्रोलचे तिन्ही नमुने सोमवारी तयार झाले आणि औषध दिलेले तिन्ही गुरुवारी. पीसीएच्या (नमुन्यांतलं साम्य-फरक दाखवणाऱ्या) आलेखात दोन गट सुरेख वेगळे पडतील, संशोधकही खूश होतील. पण तो फरक औषधाचा की वाराचा, हे कुठल्याच सॉफ्टवेअरला सांगता येणार नाही. बॅच करेक्शन (नमुने वेगवेगळ्या वेळी तयार झाल्यामुळे आलेला फरक गणिताने काढणं) करायला गेलात तर बॅचबरोबर औषधाचा परिणामही पुसला जाईल. काम स्वीकारण्याआधीच हे लेखी कळवायचं. निकाल पाठवताना सांगितलंत तर तुम्ही कारणं देताय असंच वाटतं. प्रयोग अजून व्हायचा असेल तर प्रत्येक दिवशी दोन्ही गटांचे नमुने मिसळून घ्यायला सांगा. हा सल्ला फुकट दिला तरी चालेल, इतका तो मोलाचा आहे.

नमुन्यांची अदलाबदल झाली आहे का, तेही लगेच तपासा. झिस्ट हे जनुक स्त्रियांच्या पेशींत सक्रिय असतं, तर आरपीएस४वाय१ वाय गुणसूत्रावर असतं. शीटमध्ये ‘पुरुष’ लिहिलंय आणि झिस्टचे रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) भरपूर दिसताहेत, तर थांबा आणि फोन करा. मात्र आरोपाच्या सुरात नको: कॅन्सरच्या पेशींत ही दोन्ही लक्षणं बदललेली असू शकतात.

आकडे विचित्र आले तर

सगळ्या जनुकांच्या रीड्सची मोजणी शून्य आली, तर बहुधा नावांचा घोळ असतो. एका फाइलमध्ये गुणसूत्र ‘सीएचआर७’ असतं, दुसरीत नुसतं ‘७’. मोजणी अपेक्षेच्या निम्मी आली, तर स्ट्रँडचं (रीड डीएनएच्या कोणत्या धाग्याशी जुळतं, त्याचं) सेटिंग पाहा. एचटीसेक या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मुळातच ‘येस’ असतं, त्यामुळे लायब्ररी स्ट्रँडेड नसेल (धाग्याची माहिती ठेवत नसेल) तर निम्मे रीड्स वाया जातात, आणि उलट्या स्ट्रँडची असेल तर जवळजवळ सगळेच ‘नो फीचर’मध्ये (कुठल्याच जनुकात न बसलेल्यांत) जातात. मोजक्या रीड्सवर ‘येस’, ‘नो’, ‘रिव्हर्स’ हे तिन्ही पर्याय चालवून बघितले की उलगडा होतो. मोजणीच्या तक्त्यात दशांश चिन्ह दिसलं तर तो बहुधा टीपीएम किंवा एफपीकेएमचा (जनुकाची लांबी आणि एकूण रीड्स धरून बदललेल्या आकड्यांचा) असतो. गटांची तुलना करणाऱ्या डीसेक२ ला मूळ पूर्णांक मोजणी लागते, टीपीएम गोल करून भरणं हा उपाय नव्हे.

जीनोमची आवृत्ती ही त्याहून घातक चूक, कारण तिथे एरर येतच नाही. बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई बदल मानवी जीनोमच्या जीआरसीएच३७ आवृत्तीत सातव्या गुणसूत्रावर १४०४५३१३६ या स्थानी आहे, जीआरसीएच३८ मध्ये १४०७५३३३६ या स्थानी. दोन्ही आकडे खरे वाटतात. टीमकडून व्हेरिएंटची (जनुकीय बदलांची) यादी आली की पहिला प्रश्न आवृत्तीचा. उत्तर ‘नेहमीचीच’ असं आलं तर असं एखादं ओळखीचं स्थान तपासून स्वतः खात्री करा.

एक्सेलही सांभाळा. सेप्ट२, मार्च१ या जनुकांच्या नावांच्या तारखा व्हायच्या, म्हणून २०२० मध्ये त्यांची नावं अधिकृतपणे सेप्टिन२, मार्चएफ१ अशी बदलण्यात आली. जुन्या तक्त्यांत जुनीच नावं आहेत, म्हणून जनुकांचा स्तंभ टेक्स्ट म्हणूनच उघडायचा आणि तक्त्यांची जोडणी एन्सेम्बल आयडीवर (जनुकाच्या ठरावीक क्रमांकावर) करायची.

व्यवहार

‘अजून एकच फिगर’ या मागणीला अंत नसतो. किती तुलना, किती फिगर, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या हे कोटेशनमध्येच लिहा. रिव्ह्यूअरचे शेरे कित्येक महिन्यांनी येतात. त्या कामाचा दरही तिथेच ठरवा. लेखकांच्या यादीत नाव हवं असेल तर काम सुरू होण्यापूर्वी बोला. पैसे घेतले म्हणून तो हक्क आपोआप जात नाही, आणि नुसती पाइपलाइन चालवली म्हणून तो मिळतही नाही. आराखडा किंवा निष्कर्ष यांत खरा वाटा, मसुद्यावर काम, अंतिम मजकुराला संमती आणि जबाबदारी, हे सगळं लागतं.

रुग्णांचा डेटा असेल तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीत बाहेरच्या व्यक्तीला तो देण्याची परवानगी आहे का, हे विचारा. शक्यतो संस्थेच्याच सर्व्हरवर लॉगिन घेऊन काम करा.

काम सोपवताना मूळ मोजणी, स्क्रिप्ट्स, कोंडाची एन्व्हायर्नमेंट फाइल (वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची यादी) आणि प्रत्येक फाइलचा एमडी५ (फाइल तशीच पोचली का, ते तपासायचा कोड) द्या. तुमच्याकडची प्रत कोणत्या तारखेला पुसणार, तेही त्याच ईमेलमध्ये लिहा.